घाटाचा खर्च आणि घाटावरचा हक्क

नदीकाठच्या घरमालकाने पदरच्या पैशाने पाण्यापर्यंत घाट बांधला, तर तो कोणाचा? वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर असा दगडी घाट आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधायला धर्मशास्त्राकडे वळावे लागते: विहिरी, तळी, देवळे बांधणे याला ते ‘पूर्त’ म्हणते. जलाशय पुरा झाला की त्याचा उत्सर्ग करायचा, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी त्यावरची मालकी सोडायची. मग खर्च करणाऱ्याचा हक्कही इतरांइतकाच उरतो. खर्चाला पुण्य येते ते या त्यागामुळे; नुसत्या दगडचुन्याने नव्हे. विचार खरोखर उदार आहे. आचरणात मात्र ‘सर्व’ या शब्दातून अस्पृश्यांना वगळले गेले, आणि तिथे पूर्तधर्मच मोडला. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी घेता यावे म्हणून 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये पाणी घेण्याचा तो हक्क मान्य केला.