मारा आणि पहारा

डिसेंबर २०२३ च्या मध्यापासून मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबडा समुद्र टाळायला सुरुवात केली. येमेनच्या किनाऱ्यावरून हूती बंडखोर व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडत होते. सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालायचा म्हणजे युरोपच्या फेरीत सुमारे दोन आठवड्यांची भर. मंचरच्या पुढे नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात द्राक्षाची तोड याच सुमारास तोंडावर येते. इथला माल असो की नाशिकचा, निर्यातीचे द्राक्ष पॅकहाऊसमध्ये निवडून, थंड करून, पेटीत ग्रेपगार्डचा कागद घालून रीफर कंटेनरमध्ये चढते. न्हावाशेवाहून निघालेला तो कंटेनर किती दिवसांनी उघडेल यावर देठ हिरवा राहणार की तपकिरी पडणार हे ठरते, आणि देठावर भाव ठरतो. मंचरच्या कांद्याला त्या हंगामात क्षेपणास्त्राची झळ लागण्याआधीच ८ डिसेंबरच्या निर्यातबंदीने अडवले होते. तो वेगळा आणि तितकाच गंभीर विषय आहे. इथे प्रश्न एवढाच की, समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याचे उत्पन्न ज्या रस्त्यावर अवलंबून आहे तो रस्ता मोकळा कोण ठेवतो आणि कशाने?

आजचे प्रचलित उत्तर आहे, क्रूझ क्षेपणास्त्राने. ते चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे, आणि या अपुरेपणाकडे आपण डोळेझाक करतो. क्रूझ क्षेपणास्त्र म्हणजे वैमानिकाविना, पाण्याला किंवा जमिनीला लगटून उडणारे छोटे विमानच. त्याच्या पोटात स्फोटके असतात आणि त्याला परतायचे नसते. अमेरिकेचे टॉमहॉक ध्वनीपेक्षा कमी वेगाने सुमारे १६०० किलोमीटर जाते. १२ जून २००१ रोजी चांदीपूरला प्रथम चाचणी झालेले ब्रह्मोस ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाने झेपावते, म्हणजे मूळ मर्यादेतले २९० किलोमीटर पाच मिनिटांच्या आसपास. जहाजावरून असे अस्त्र सोडता येते तेव्हा परक्या भूमीवर तळ लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही आणि आपला वैमानिक शत्रूच्या हाती लागत नाही. राज्यकर्त्यांना ते आवडते त्यात नवल नाही. पण मारा करणे आणि समुद्र राखणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्याने होत नाही.

पुरावा गेल्या तीन दशकांत विखुरलेला आहे. २० ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकी नौदलाने अफगाणिस्तान आणि सुदानवर सत्तरहून अधिक टॉमहॉक सोडली. बिन लादेन वाचला आणि तीन वर्षांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. ७ एप्रिल २०१७ रोजी भूमध्य समुद्रातल्या दोन विनाशिकांनी सीरियाच्या शायरात तळावर ५९ टॉमहॉक टाकली. एक-दोन दिवसांत त्या तळावरून विमाने पुन्हा उडाली. १२ जानेवारी २०२४ पासून येमेनवर असेच हल्ले झाले आणि तरी ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर तीन खलाशी मेले. २०२५ च्या मार्च ते मेमध्ये याहून मोठी मोहीम झाली, शस्त्रसंधी झाली, आणि जुलैमध्ये हूतींनी ‘मॅजिक सीज’ व ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे बुडवली. १९९१ च्या आखाती युद्धाचा दाखला याविरुद्ध दिला जातो. पहिल्या रात्री टॉमहॉकने बगदादची दाणादाण उडवली हे खरे. पण कुवेत मोकळे झाले ते फेब्रुवारीअखेर, जमिनीवरून सैन्य आत शिरल्यावर.

यावर आपल्याकडचा वाचक लगेच कराची म्हणेल, आणि त्याने म्हणावेच. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन छोट्या भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. चार रात्रींनी एकट्या ‘विनाश’ने सोडलेल्या चार क्षेपणास्त्रांपैकी एकाने केमारीच्या तेलटाक्या पेटवल्या. जगाच्या नौदल इतिहासात या दोन रात्रींना स्थान आहे आणि अभिमान रास्तच आहे. पण त्या रात्री नीट पाहाव्यात. या नौका बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या, कमी पल्ल्याच्या. त्यांना दूर नेऊन लढवण्याची कल्पना हे माणसांच्या डोक्याचे काम होते. सोबत किल्तान आणि कच्छल होत्या, दुसऱ्या मोहिमेत तलवार आणि त्रिशूल. लांबचे पाहणे, पाणबुडीवर नजर ठेवणे ही कामे या सोबत्यांची. आणि रडारच्या पडद्यावरच्या ठिपक्याला झेंडा नसतो. दुसऱ्या मोहिमेत पनामाचे ‘गल्फ स्टार’ बुडाले, ब्रिटिश ‘हरमॅटन’चे नुकसान झाले. पाकिस्तानच्या विमानांनी तर आपल्याच ‘झुल्फिकार’ला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून झोडपले. शत्रू ओळखणे हेच समुद्रातले सर्वांत कठीण काम आहे आणि अस्त्राचा वेग वाढला की त्यासाठीचा वेळ कमी होतो. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कराची जळत होती आणि आपला समुद्र तरीही सुरक्षित नव्हता. कराचीकडची वाहतूक थांबली ती आगीमुळे जितकी, तितकीच भारतीय नौदल बाहेर उभे आहे या जाणिवेमुळे.

मारा करणे आणि राखणे यांतला हा भेद आपल्या घाटाला जुना आहे. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आणि लेण्यातला नागनिकेचा शिलालेख आजही जागेवर आहेत, जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की, कल्याणचा व्यापार अडवला गेला होता आणि तिथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. गलबते बुडवली जात नव्हती, वळवली जात होती. वळवायला तिथे हजर असावे लागते. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेट घेतले तेव्हा तोफांच्या ताकदीत इंग्रजांची जहाजे कितीतरी वरचढ होती. मराठ्यांच्या छोट्या होड्या मात्र उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोचवत राहिल्या. अखेर इंग्रजांनी माघार घेतली आणि बेट मराठ्यांकडे राहिले.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. १४ एप्रिल २०२२ रोजी युक्रेनच्या किनाऱ्यावरून सुटलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी रशियाची ‘मॉस्कवा’ बुडवली. नौदल जवळपास नसलेल्या देशाने काळ्या समुद्रातले प्रमुख जहाज घालवले, रशियन ताफा मागे सरला आणि २०२३ च्या ऑगस्टपासून ओडेसाहून मालवाहू जहाजे पुन्हा बाहेर पडू लागली. मग महागड्या नौका बांधायच्याच कशाला, किनाऱ्यावर क्षेपणास्त्रे मांडून ठेवावीत. या युक्तिवादातला अर्धा भाग मी मान्य करतो. क्षेपणास्त्राने शत्रूला दूर ठेवता येते आणि दुबळ्या देशाला ते मोठे वरदान आहे. पण धान्याची जहाजे त्यानंतर कशी गेली? रुमानिया आणि बल्गेरियाच्या किनाऱ्याला चिकटून, विम्याची खास व्यवस्था झाल्यावर. आणि वाहते सुरुंग शोधून काढायला जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तान, रुमानिया, बल्गेरिया यांना करार करून नौका घालाव्या लागल्या. शत्रू हटल्यावरही रस्ता आपोआप रस्ता होत नाही. भारताची गरज तर याहून मोठी आहे, कारण वजनाच्या हिशेबात आपला जवळपास ९५ टक्के परदेशव्यापार समुद्रातून होतो आणि त्याचे रस्ते आपल्या किनाऱ्यापासून फार दूर जातात.

या कामाचा नमुना माझगाव डॉकच्या एका नौकेने दाखवला. ‘आयएनएस कोलकाता’ ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली. तिच्यावर १६ ब्रह्मोस बसतात. ६ मार्च २०२४ ला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ पेटल्यावर याच नौकेने २१ जणांना वाचवले. दहा दिवसांनी तिने सोमाली चाच्यांनी पळवलेले ‘रुएन’ हे जहाज सुमारे ४० तास रोखून धरले. विमानातून मरीन कमांडो पाण्यात उतरवले गेले, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. या साऱ्यात ब्रह्मोस एकही सुटले नाही. क्षेपणास्त्रांनी हे काम बिघडलेच असते, कारण ओलीस आत होते. चाळीस तास समोर उभे राहणे, बोलणे, इशारे देणे, वाट पाहणे याला जहाज, इंधन, औषधे आणि न झोपलेली माणसे लागतात.

मारा संपतोही लवकर, हे कमी लोकांना ठाऊक असते. उभ्या नळ्यांतून सुटलेली मोठी क्षेपणास्त्रे भर समुद्रात पुन्हा भरण्याची रुळलेली पद्धत आज कोणत्याच नौदलाकडे नाही. अमेरिकेने त्याचा प्रयोग ऑक्टोबर २०२४ मध्ये करून पाहिला. ‘कोलकाता’वरची सोळा सुटली की नौकेने बंदर गाठायचे. शिवाय सुटलेले अस्त्र परत बोलावता येत नाही. ९ मार्च २०२२ रोजी चुकून सुटलेले आपले एक क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही, तीन अधिकारी बडतर्फ झाले. अणुशस्त्रे असलेल्या दोन शेजाऱ्यांमध्ये ती काही मिनिटे किती महाग पडली असती याचा विचार केला की, पहाऱ्यावरची नौका मधल्या वेळेत काय मिळवून देते ते कळते. ती विचारू शकते, अडवू शकते, मागे फिरू शकते.

ब्रह्मोस नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. नौकेच्या पाठीशी ते नसेल तर तिच्या उभे राहण्याला वजन येणार नाही. माझे म्हणणे खर्चाच्या आणि कौतुकाच्या वाटणीबद्दल आहे. प्रत्येक चाचणीची बातमी पहिल्या पानावर येते. एप्रिल २०१९ मध्ये नौदलाची शेवटची सुरुंगशोधक नौका ‘कोझिकोड’ निवृत्त झाली, ती बातमी किती जणांनी वाचली? गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या मदतीने अशा १२ नौका बांधायची सुमारे ३२,००० कोटींची योजना त्याआधीच, २०१८ मध्ये रद्द झाली होती. बंदराच्या तोंडाशी पेरलेले मोजके, स्वस्त सुरुंग न्हावाशेवाची वाहतूक थांबवू शकतात आणि त्यांच्यावर ब्रह्मोस चालत नाही. नव्या सुरुंगशोधक नौकांना जुलै २०२५ मध्ये केवळ प्राथमिक मंजुरी मिळाली आहे. आपल्या खासदारांना पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी विचारायचा प्रश्न हा आहे: त्या नौका बांधायला कधी घेणार?