बाणाच्या आतला माणूस

चार वर्षांपूर्वी मी एक आकृती काढली होती. तिच्यात दोन चौकटी होत्या आणि मधे एक बाण. डावीकडे विक्रीची जुनी सिस्टीम, उजवीकडे बिलिंगची नवी. बाणावर मी लिहिलं होतं, 'रोज रात्री विक्रीच्या नोंदी पाठवते'. मीटिंगमध्ये ती पडद्यावर लावली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात कुणी काही विचारलं नाही म्हणजे आकृती पास झाली.

तो बाण खरं तर एक माणूस होता. सपोर्टमध्ये कंत्राटावर होते ते, पन्नाशी उलटलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. जुन्या सिस्टीममधून रात्री साडेदहाला फाइल निघायची. तिच्यात काही डीलरांचे कोड जुने असायचे, काहींचे दोन-दोन असायचे, आणि नवी सिस्टीम अशी फाइल सरळ नाकारायची. मग काका घरून लॅपटॉप उघडून, शेजारी एक वही ठेवून, एकेक कोड दुरुस्त करायचे आणि फाइल पुन्हा चढवायचे. मला हे माहीत होतं का? अर्धवट. 'ते काका बघतात' असं कुणीतरी जाता जाता म्हणालं होतं. पण 'काका बघतात' हे वाक्य आकृतीत कुठे बसवायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकून घ्यावंसं मलाही वाटलं नव्हतं.

पुढच्या तिमाहीत खर्च कमी करायचं ठरलं. ठरवणाऱ्यांच्या समोर माझीच आकृती होती. तिच्यात रात्रीचं काम सिस्टीम करत होती, त्यामुळे रात्रीच्या माणसाची गरज दिसत नव्हती. काकांचं कंत्राट वाढवलं नाही. चौथ्या रात्री फाइल अडकली. महिनाअखेरीस लहान डीलरांचं कमिशन अडकलं. मोठ्यांचं नाही, लहानांचंच. कारण दोन-दोन कोड त्यांचेच होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मी खोटं काढलं होतं का?

सॉफ्टवेअरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. मोठी सिस्टीम एका चित्रात मावत नाही. सगळं दाखवायला गेलं तर चित्राचं जाळं होतं आणि कुणालाच काही कळत नाही. फार गाळलं तर नुसता ढग उरतो. यावर सायमन ब्राउन नावाच्या आर्किटेक्टनं २००६ ते २०११ या काळात एक पद्धत बसवली, तिला 'सी-फोर' म्हणतात. एकाच सिस्टीमच्या चार पातळ्यांवरच्या आकृत्या. पहिल्या पातळीवर तुमची सिस्टीम म्हणजे एकच चौकट आणि भोवती ती वापरणारी माणसं व इतर सिस्टीम. दुसऱ्या पातळीवर त्या चौकटीचं झाकण उघडायचं: आत वेब ॲप, मोबाइल ॲप, डेटाबेस. तिसऱ्यावर त्यातल्या एकाच्या आतले भाग. चौथ्यावर प्रत्यक्ष कोडची रचना. ब्राउन स्वतः याला फोनवरच्या नकाशाची उपमा देतो. दोन बोटांनी ओढलं की देश, राज्य, शहर, गल्ली. बहुतेक टीमना पहिल्या दोन पातळ्या पुरतात असंही तो सांगतो, आणि ते खरं आहे. चौथी पातळी हातानं काढत बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे आकृत्यांमधली जोड. वरच्या चौकटीवर क्लिक केलं की आतली आकृती उघडते. ब्राउननंच केलेल्या 'स्ट्रक्चरायझर' या साधनात तर तुम्ही सिस्टीमचं वर्णन एकदाच लिहिता आणि त्यातून वेगवेगळ्या पातळ्यांची चित्रं निघतात. एका ठिकाणी नाव बदललं की सगळीकडे बदलतं. म्हणजे वरचं चित्र खालच्याला विसरू शकत नाही. आणखी एक साधा आग्रह त्यात आहे: बाणावर नुसतं 'वापरते' असं लिहू नका, काय आणि कशासाठी ते लिहा. मी तो पाळला होता. 'रोज रात्री विक्रीच्या नोंदी पाठवते'. व्याकरण शुद्ध, कर्ता चुकलेला.

गाळणं हा गुन्हा नाही, हे आधी मान्य करू. गाळल्याशिवाय विचारच करता येत नाही. तुम्ही मित्राला 'स्टेशनवरून रिक्षा कर' म्हणता तेव्हा रिक्षाचं इंजिन, तिचं परमिट, रिक्षावाल्याचा हप्ता हे सगळं गाळलेलं असतं. मग गाळणं कधी लपवणं होतं?

मनात आलेलं पहिलं उत्तर हेतूचं. मुद्दाम गाळलं तर लपवणं, सहज राहून गेलं तर चूक. हे उत्तर मला सोयीचं होतं, म्हणूनच मी ते फार दिवस जवळ ठेवलं. पण काकांच्या बाजूनं पाहिलं तर माझ्या हेतूनं काय फरक पडतो? घरी बसायची वेळ आली ती आलीच.

'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात एक प्रसिद्ध संवाद आहे. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हे भिक्षू. नागसेन विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग 'रथ' हे त्या सगळ्या जुळणीला दिलेलं एक नाव ठरतं. सी-फोरची दुसरी पातळी उघडली की मला हाच संवाद आठवतो. 'बिलिंग सिस्टीम' नावाची वस्तू आत कुठेच सापडत नाही, सापडतात ते डेटाबेस, रांगा आणि रात्री चालणारे जॉब. पण ही गोष्ट सांगताना लोक बहुधा रथापासूनच सुरुवात करतात. त्याआधी मिलिंदानं एक अडचण मांडलेली असते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. नागसेन म्हणून कुणी नाहीच, असं असेल तर शील पाळतं कोण? आणि उद्या कुणी तुम्हाला मारलं तर खुनीही कुणी नाही का? राजाला तत्त्वज्ञानात किती रस होता ते सोडा, त्याला राज्य चालवायचं होतं. सगळं नुसत्या नावांवर उभं असेल तर जबाबदारी कुठल्या पातळीवर राहते, हे त्याला कळायला हवं होतं.

हाच प्रश्न एका देशाच्या न्यायव्यवस्थेपुढे आला तेव्हा काय झालं, ते ब्रिटनच्या पोस्टाच्या प्रकरणात दिसतं. तिथली लहान टपाल कार्यालयं सब-पोस्टमास्टर चालवतात. ते पगारी नोकर नसतात, करारावर काम करतात, आणि हिशेबात तूट आली तर ती त्यांनी भरायची अशी अट असायची. १९९९ पासून या शाखांमध्ये 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवायला सुरुवात झाली. ती फुजित्सु कंपनी सांभाळत होती. शाखांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. १९९९ ते २०१५ या काळात अशा तुटींच्या आधारे नऊशेहून अधिक जणांवर चोरी, खोटे हिशेब, फसवणूक असे गुन्हे सिद्ध झाले. त्यातले बहुतेक खटले पोस्टानं स्वतःच चालवले होते. कुणी तुरुंगात गेलं, कुणी घर विकून तूट भरली.

त्या खटल्यांमागची पहिल्या पातळीची आकृती मनात काढून बघा. एक माणूस, सब-पोस्टमास्टर. एक चौकट, होरायझन. माणसाकडून चौकटीकडे एक बाण: 'व्यवहार नोंदवतो'. बस. या चित्रात पैसे कमी पडले तर चोर कोण हे विचारावंही लागत नाही. चित्रात माणूसच एक आहे.

दुसऱ्या पातळीवर मात्र आणखी हात होते. फुजित्सुचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात शिरू शकत होते, शाखेला न कळता त्यात बदल करू शकत होते. असं काही शक्यच नाही, असं पोस्ट अनेक वर्षं सांगत राहिलं. आणखी खाली, अगदी तळाशी, दोषांच्या नोंदी होत्या. एका दोषात शाखेकडे पाठवलेली रोकड नोंदवताना स्क्रीन अडकल्यासारखा व्हायचा, माणूस पुन्हा बटण दाबायचा, आणि प्रत्येक दाबण्यागणिक तीच रक्कम परत जमा व्हायची. आपल्यातला कोण असं बटण दोनदा दाबत नाही? ज्ञात दोषांची यादीच कंपनीकडे होती. आणि मदतवाहिनीवर फोन करणाऱ्या अनेकांना सांगितलं जात होतं की हा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

२०१९ च्या डिसेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला. ॲलन बेट्स आणि इतर मिळून ५५५ जणांचा तो दावा होता. होरायझनमध्ये दोष होते, त्यांनी शाखांचे हिशेब बिघडू शकत होते, आणि दुरून बदल करता येत होता, हे त्यात स्पष्ट झालं. २०२१ मध्ये अपील न्यायालयानं एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. २०२४ मध्ये तर संसदेला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

पोस्टाचा एक युक्तिवाद मला विसरता येत नाही, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. प्रणाली एकंदरीत भक्कम आहे. इतक्या प्रचंड व्यवहारांत एखाद्या शाखेला दोषाचा फटका बसण्याची शक्यता अगदी कमी आहे. पहिल्या पातळीवरून बोलताना हे वाक्य पटतं. पण कोठडीत बसलेली बाई पहिल्या पातळीवर राहत नाही. ती एका शाखेत, एका तारखेला, एका बटणापाशी राहते. वरच्या पातळीवरचं खरं वाक्य तिच्या पातळीवर तसंच्या तसं उतरवलं की ते तिच्याविरुद्धचा पुरावा होतं. त्यात भर म्हणजे इंग्लंडच्या कायद्यात संगणकीय पुराव्याबाबतचं एक जुनं कलम १९९९ च्या कायद्यानं रद्द झालं होतं. त्यामुळे यंत्र नीट चालत होतं हे आधी सिद्ध करायची गरज उरली नाही. ते नीटच चाललं असं गृहीत धरलं जाऊ लागलं. म्हणजे खालच्या पातळ्यांचं दार कायद्यानंच लोटून घेतलं.

आता मघाच्या प्रश्नाकडे येते. काही दिवस माझं दुसरं उत्तर असं होतं: गाळलेली गोष्ट खालच्या एखाद्या आकृतीत ठेवलेली असेल आणि तिथं जायची वाट असेल, तर ते गाळणं प्रामाणिक. जोडलेल्या आकृत्यांचा मोठेपणा मी यातच मानत होते. पण होरायझनमध्ये खालची कागदपत्रं होतीच की. यादी होती, नोंदी होत्या. ज्या माणसावर परिणाम होणार होता त्याच्या हातात वाट नव्हती, एवढंच. आमच्याकडेही काकांची वही होती; कंत्राट संपवणाऱ्यांना ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

आपला सातबारा बघा. जमिनीचं अख्खं राजकारण एका पानात गाळलेलं असतं, पण त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, आणि त्या क्रमांकावरून मागं जाता येतं: वारस कधी लागले, विक्री कधी झाली. कुळाचं नाव आणि इतर अधिकार यांना त्याच पानावर वेगळी जागा आहे, मागच्या कुठल्या वहीत नाही. ती जागा किती वेळा रिकामी ठेवली गेली हा वेगळा आणि कडू विषय. पण रकाना आहे म्हणून निदान भांडता येतं.

तेव्हा मला सध्या असं वाटतं की चौकटी कितीही एकत्र करा, दहाची एक करा, पण माणसाच्या हिशेबावर जो जो हात चालू शकतो तो सगळ्यात वरच्या चित्रात दिसला पाहिजे. तपशील नको. आत कसं चालतं ते नको, ते दाखवण्यात सुरक्षेचा धोकाही असतो आणि माझे सहकारी हा मुद्दा लगेच काढतात, बरोबर काढतात. पण 'इथून आणखी एक जण आत येऊ शकतो' एवढं सांगायला कुठलं गुपित फुटतं? सी-फोरच्या पहिल्या पातळीवर माणसं काढायची सोय आहेच. आम्ही तिथं ग्राहक काढतो, फार तर ॲडमिन काढतो. सपोर्टमधला माणूस काढायला हात धजत नाही, कारण तो दिसला की सिस्टीम अपुरी दिसते.

कमिशन अडकलं तेव्हा मी काकांना फोन केला होता. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "वही ड्रॉवरमध्येच आहे गं, डावीकडच्या. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला एक वेगळी फाइल येते, ती वहीत नाही, ती मी सांगतो." अर्धा तास सांगत होते. मी लिहून घेतलं. मग मी विचारलं, "काका, तुम्ही हे आधी कुणाला सांगितलं नव्हतंत का?" ते म्हणाले, "विचारलं कुणी?"

त्या आठवड्यात मी आकृती बदलली. दोन चौकटींच्या मधे एक माणूस काढला आणि बाणाचे दोन बाण केले. रिव्ह्यूमध्ये शेरा आला: हे तात्पुरतं आहे, पुढच्या तिमाहीत ऑटोमेट होणार, आकृतीत नको. मी तो माणूस काढून टाकला नाही. काका परत आले नाहीत, त्यांच्या जागी दुसरा मुलगा आहे, तोही कंत्राटावर. पुढची तिमाही तेव्हापासून बऱ्याचदा येऊन गेली. मागच्या महिन्यात त्यानं मला विचारलं, "ताई, त्या चित्रातला तो मीच ना?"