उन्हाचा झोत

दिवा मालवा. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. आज अख्खा चित्रपट बघायचा नाही. गुरुदत्तच्या ‘कागज़ के फूल’मधलं एकच गाणं बघायचं आहे, रिकाम्या स्टुडिओतलं, गीता दत्तने गायलेलं. पहिल्या खेपेला आवाजही बंद ठेवा. तो आवाज कानी पडला की डोळ्यांचं बघण्याकडे लक्ष राहत नाही.

चेहऱ्यांकडे लगेच जाऊ नका, आधी काळोख बघा. तो सगळीकडे सारखा नाही. कुठे दाट आहे, कुठे विरळ, कुठे नुसता करडा. डोळे सरावले की त्यातून स्टुडिओचा पसारा हळूहळू वर येतो. घाई नको. श्वास संथ होत असेल तर होऊ द्या.

आता वरून तिरका उतरलेला झोत. त्यात तरंगणाऱ्या धुळीवर थोडा वेळ नजर राहू द्या. एरवी प्रकाश ज्यावर पडतो ते आपल्याला दिसतं, प्रकाश दिसत नाही. इथे तो स्वतःच दिसतो आहे. त्याची कड बघा, किती सरळ आहे. दिव्याचा प्रकाश लांब जाता जाता फाकतो; उन्हाचे किरण जवळजवळ समांतर येतात. हे खरंखुरं ऊन आहे. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी ते स्टुडिओबाहेर एका मोठ्या आरशावर घेतलं, तिथून दुसऱ्या आरशावर टाकलं आणि मग काळोखात सोडलं. सूर्य काही कुणासाठी थांबत नाही. ऊन जागेवर आहे तोवरच शॉट घ्यायचा. मूर्ती व्हायोलिनही वाजवत. ताणलेल्या तारेसारखा हा सरळ झोत बघताना मला ते दर वेळी आठवतं.

आता त्या दोघांकडे या. सुरेश आणि शांती, म्हणजे गुरुदत्त आणि वहिदा रहमान. १९५९ सालचा हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोपचा रुंद पडदा इतरांनी गर्दी आणि देखावे दाखवायला वापरला. इथे तो दोन माणसांमधलं अंतर दाखवतो. त्या अंतरावर थांबा. त्यांच्या देहातून सावलीसारखी रूपं निघतात आणि झोतात एकमेकांपाशी येतात. देह मात्र जागचे हलत नाहीत. रंगीत चित्रपटात साडीचा रंग, ओठांचा रंग, उन्हाचा पिवळेपणा असं बरंच काही मध्ये आलं असतं. इथे फक्त उजेड आहे आणि त्याचं नसणं. म्हणूनच जुने चित्रपट रंगवून पुन्हा पडद्यावर आणण्याचा खटाटोप मला मुळीच पटत नाही. करड्याच्या ज्या छटा कुणी जिवापाड जपून मांडल्या, त्यांच्यावर रंगाचा हात फिरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आता आवाज सुरू करा आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून बघा.

हा चित्रपट तेव्हा चालला नाही, आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तने आपलं नाव कुठल्याही चित्रपटाला दिलं नाही. मूर्तींना याच कामासाठी फिल्मफेअर मिळालं. पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. यापुढे कुठलाही कृष्णधवल चित्रपट लावाल तेव्हा सुरुवातीची नावं पुढे पळवू नका. छायालेखकाचं नाव येईल तिथे थांबा आणि ते वाचा.