मागे बसलेल्याचा भार



एखादी गोष्ट करून झाली, कोणाला खरचटलेसुद्धा नाही, सगळे हसत घरी परतले. तर त्या कर्मात काही दोष उरतो का? आपल्यापैकी बरेच जण 'नाही' म्हणतील. मीही वर्षभर तसेच म्हणत होते. प्रवचनांच्या मराठी भाषांतराची सेवा करताना एका शब्दापाशी अडले आणि ते उत्तर मला पटेनासे झाले.

आधी प्रसंग सांगते. मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही इंदूरहून मनालीला गेलो होतो. आई, ताई, जिजाजी, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आणि मी. मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात पर्यटकांसाठी घोडे, पॅराग्लायडिंग आणि एटीव्ही असते. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची, वरून उघडी, मोटारसायकलसारखे हँडल असलेली गाडी. कोणी तिला क्वाड बाइक म्हणतात. मी पैसे भरले, गाडीवर बसले. भाचा ओरडू लागला, "मावशी, मला पण!" गाडीवाल्याने हसून त्याला उचलले आणि माझ्यामागे बसवले. "दीदी, पीछे बिठा लो, कुछ नहीं होता." ताईने मोबाइल सुरू केला.

उतारावरून येताना काही झाले नाही. परत चढताना मात्र भाचा मागे घसरला. घाबरून त्याने माझे जाकीट घट्ट ओढले, मी मागे कलले आणि पुढची दोन्ही चाके जमिनीवरून उचलली गेली. किती उंच, ते सांगता येणार नाही. हँडल एकदम हलके झाले, एवढे आठवते. अंगठा सुटला, गाडी मंदावली, चाके पुन्हा टेकली. भाच्याला ती गंमतच वाटली. खाली पोचल्यावर ताईने विचारले, "मजा आली?" मी म्हटले, "खूप." ताई गाडीच्या मागच्या बाजूला उभी होती, त्यामुळे तिला चाके उचललेली दिसली नाहीत. व्हिडिओतही ती नाहीत.

पुढे ते फोटो मोठे करून पाहिले तेव्हा मागच्या चाकावरच्या प्लॅस्टिकच्या पंख्यावर एक स्टिकर दिसले. दोन माणसे बसलेली आकृती आणि तिच्यावर आडवी रेघ. अर्धे स्टिकर भाच्याच्या पोटरीने झाकले होते.

मग मी त्या गाडीविषयी वाचले, आणि जे कळले ते आपल्यालाही सांगायला हवे, कारण दिसते ते आणि असते ते यात इथे फार अंतर आहे. आपण स्कूटरवर मागे बसण्यात वाढलेली माणसे. लांब सीट दिसली की दोघांची जागा आहे असे आपण धरून चालतो. वर चार चाके, म्हणजे दोन चाकांपेक्षा भक्कमच! पण एकट्यासाठी बनवलेल्या एटीव्हीची लांब सीट दुसऱ्या माणसासाठी नसते. ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावे म्हणून असते. ही गाडी उंच आणि आखूड असते. तिचा तोल निम्मा यंत्र सांभाळते, निम्मा चालवणाऱ्याचे शरीर. चढावर त्याने पुढे झुकायचे, उतारावर मागे सरकायचे, वळणावर आतल्या बाजूला वजन टाकायचे. मागे कोणी बसले की सरकायची जागा संपते. शिवाय मागच्या माणसाचे वजन मागच्या चाकांच्या आसावर किंवा त्याच्याही मागे पडते, आणि चढावर तेच वजन गाडी उलटी मागे पाडू शकते. वेग अंगठ्याने दाबायच्या खटक्यावर असतो. धक्का बसला की माणूस हँडल घट्ट धरतो, अंगठा आणखी दाबला जातो, आणि नको तेव्हा गाडी पुढे झेपावते. माझा अंगठा सुटला, हा माझ्या कौशल्याचा भाग नव्हता.

अमेरिकेत 1980 च्या दशकात या गाड्यांवर, विशेषतः तीन चाकांच्या प्रकारावर, इतके लोक जखमी झाले आणि दगावले की 1988 साली सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत समझोता झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली, आणि प्रशिक्षण व गाडीवरच्या इशाऱ्यांचे बंधन आले. त्या इशाऱ्यांपैकी एक हाच, की मागे कोणाला बसवू नका. दोघांसाठी मुद्दाम बनवलेल्या एटीव्हीही असतात. त्यांची लांबी जास्त असते, मागे वेगळी सीट, पाय ठेवायला जागा आणि धरायला दांडे असतात. म्हणजे दुसऱ्याला सोबत नेणेच वाईट, असे कोणी म्हणत नाही. ज्या गाडीत त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नाही, तिच्यावर त्याला नेऊ नका, एवढेच.

आता त्या शब्दाकडे येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन प्रकारच्या कर्मांचे वर्णन आहे. पंचविसाव्या श्लोकात तामस कर्म कोणते ते सांगितले आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि स्वतःचे पौरुष, म्हणजे सामर्थ्य, यांच्याकडे न पाहता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. भाषांतर करताना मी 'अनुबंध' तसाच ठेवला होता. मराठीच आहे की शब्द! तपासणाऱ्या ज्येष्ठ साधकांनी त्याखाली रेघ ओढली. आजच्या मराठीत अनुबंध म्हणजे जिव्हाळ्याचे नाते. लग्नपत्रिकेत शोभणारा शब्द. संस्कृतात इथे त्याचा अर्थ आहे कर्माच्या मागे बांधलेले येते ते, म्हणजे पुढचा परिणाम.

ते वाचले आणि मला माझे जाकीट आठवले, मागून ओढलेले.

तामस म्हटले की आपल्याला आळस, झोप, शिळे अन्न, फार तर क्रौर्य आठवते. सुट्टीतला हसरा व्हिडिओ आठवत नाही. पण श्लोकातली यादी माझ्यासमोर ठेवून पाहा. परिणाम? पाहिला नव्हता. दुसऱ्याला इजा होईल का? विचारलेही नाही. स्वतःचे सामर्थ्य? त्याआधी आयुष्यात मी ती गाडी चालवली नव्हती. वेग कुठून द्यायचा आणि ब्रेक कुठे आहे, एवढेच दोन मिनिटांत दाखवले होते. आणि मोह? लाडकी मावशी होण्याचा मोह होता, व्हिडिओचाही होता. ते लिहायला लाज वाटते, पण वगळले तर हे चिंतन खोटे होईल.

आपण म्हणाल, 'फळ आपल्या हाती नाही' असेही गीताच सांगते ना? हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळ वेळा केला आहे. दुसऱ्या अध्यायातली ती शिकवण फळाच्या आसक्तीविषयी आहे. परिणामाचा विचारच करू नका, असे तिच्यात नाही. तसे असते तर अठराव्या अध्यायात परिणाम न पाहणाऱ्या कर्माला तामस म्हटले नसते. शेतकरी पावसाचा आग्रह धरत नाही, पण बियाणे किडके आहे की नाही ते पाहूनच पेरतो. आपण मात्र सोयीने बघतो. चांगले फळ मिळाले तर ते आपले, आणि वाईटाची शक्यता दिसली की 'सगळे त्याच्या हाती'.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला हे हिशेबाच्या भाषेत लवकर कळते. कंपनीने दुसऱ्याच्या कर्जाला हमी दिली असेल आणि वर्षअखेरीपर्यंत एक रुपयाही भरावा लागला नसेल, तरी ती हमी ताळेबंदाच्या टिपांमध्ये दाखवावी लागते. तिला संभाव्य देणे म्हणतात. लेखा मानक 29 मध्ये याचे नियम आहेत. पैसे गेले नाहीत, म्हणून हमी दिलीच नव्हती असे लिहिता येत नाही. तोच नियम हेही सांगतो की शक्यता अगदीच दूरची असेल तर नोंद करण्याची गरज नाही. मला हा समंजसपणा वाटतो. घराबाहेर पाऊल टाकण्यातही धोका असतो, प्रत्येक पावलाची नोंद करत बसलो तर जगणेच थांबेल. सर्व कर्मे धुराने वेढलेल्या अग्नीसारखी कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेली असतात, हेही त्याच अठराव्या अध्यायात आहे. म्हणून मी धोका पत्करणे आणि तामस कर्म यांना एक मानत नाही. श्लोकातला भर 'न पाहता' यावर आहे. गाडी एकट्याची आहे, चढ आहे, मूल हलके आणि घाबरणारे आहे, मी नवखी आहे, हे सगळे डोळ्यांसमोर होते. शक्यता दूरची नव्हती. स्टिकर वाचायला अर्धे मिनिटही लागले नसते.

आणखी एक बचाव उरतो. त्याला स्वतःलाच बसायचे होते, त्याच्या आईचीही संमती होती. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 13 मध्ये संमतीची व्याख्या आहे. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तर ती संमती. ताईने कशाला मान्यता दिली होती? मुलाला एक चक्कर मिळेल, याला. मी काय केले? जिथे त्याची जागा नव्हती तिथे त्याला बसवून, मला न येणारी गाडी चढावर नेली. आमचे दोघींचे 'हो' एकाच गोष्टीला नव्हते. आठ वर्षांच्या मुलाचे तर 'हो' कायदासुद्धा मोजत नाही, आणि ते त्याच्या भल्यासाठीच आहे. कठोपनिषदातला नचिकेताही लहानच होता. त्याने मागितले म्हणून यमाने लगेच दिले नाही, दुसरे काहीही माग म्हणून परोपरीने वळवून पाहिले. मी तर एका आरोळीत दिले.

एकटी पडले असते तर तो माझा धोका होता. तोही शहाणपणाचा नव्हता, पण माझा होता. मागे बसणारा आपले डोळे आपल्या पाठीवर ठेवून बसतो. त्याला पुढचा रस्ता दिसत नाही, ब्रेक त्याच्या हाती नसतो. आपण रोज कोणाला ना कोणाला असे मागे बसवतो. स्कूटरवर तर बसवतोच, पण मित्राला उसने पैसे आणायला लावतो, घरच्यांच्या बचतीतून धंदा मांडतो, किंवा धाकट्यांना आपल्या मतांवर चालायला लावतो. तेव्हा त्यांच्यासाठी जागा आहे का, हे पाहायला आपण कितीदा थांबतो?

आपल्याला वाटेल, झाले ते झाले, आता वर्षानंतर एवढे काय. मलाही तसेच वाटले असते. पण मागच्या महिन्यात भाच्याने फोनवर सांगितले की दिवाळीच्या सुट्टीत ते समुद्रावर जाणार आहेत, तिथेही 'ती गाडी' आहे, आणि या वेळी तो बाबांच्या मागे बसणार आहे. "काही होत नाही, मावशी, आपण बसलो होतो ना!"

'कुछ नहीं होता' हे वाक्य आता त्याच्या तोंडी होते, आणि त्याचा पुरावा मी होते.

त्या रात्री ताईला फोन केला. चढ, जाकीट, उचललेली चाके, स्टिकर, सगळे सांगितले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "समुद्रावरचं मी बघते. पण तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुझा व्हिडिओ छान आला होता," मी म्हटले. यापेक्षा खरे उत्तर माझ्याकडे नव्हते.

ताईने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर तिच्या प्रोफाइलवर वर्षभर असलेला आमचा तो फोटो तिने काढला होता. मी भाषांतराची फाइल उघडली आणि 'अनुबंध' खोडून तिथे 'मागाहून येणारा परिणाम' असे लिहिले.