एक माणूस, तीन ओळी

कात्रजच्या तलावाजवळ तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून एक मुलगी घाटापलीकडच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब जँगोमध्ये बसवत होती. पायथनमध्ये क्लास लिहायचा, मायग्रेशन चालवलं की डेटाबेसमध्ये टेबल तयार. तिने ‘व्यक्ती’ हा मूळ क्लास केला आणि त्याचे तीन वारस: उत्पादक, टेम्पोचालक, सचिव. नाव, मोबाइल, बँक खातं सगळं वारशाने मिळालं. एकही ओळ दोनदा लिहावी लागली नाही, याचं तिला फार समाधान वाटलं.

दोन महिन्यांनी एक काका थेट तिच्या दारात आले. “ताई, टेम्पोचं भाडं आलं, दुधाचा पगार नाही आला.”

काकांनी खातं बदललं होतं. तिने तपासलं. प्रत्येक वारसाची नोंद करताना ‘व्यक्ती’त नवी ओळ पडत गेली होती, म्हणून काका तिथे दोनदा होते. नवं खातं चालकाला लागलं, उत्पादक जुन्यावरच राहिला.

“पण मी तर एकच आहे की,” काका म्हणाले. “पहाटे दूध घालतो, मग टेम्पो काढतो. उद्या टेम्पो विकला तर मी निम्मा होणार का?”

संध्याकाळी ती तलावाच्या काठाने चालत राहिली. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी इथलं पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं. हौद म्हणजे तलाव नव्हे, तो तलावाला जोडलेला असतो. एखादा हौद बुजला म्हणून तलाव आटत नाही.

त्या रात्री तिने वारस मोडले. ‘व्यक्ती’ एकच ठेवली. शेजारी ‘काम’ नावाचं टेबल केलं, त्यातली प्रत्येक ओळ फॉरेन कीने माणसाशी बांधली, सोबत काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख. कोड लांबला, पण त्यात काका जसे आहेत तसे मावले. वारसा तिने फक्त जनावरांच्या नोंदीत राखला, आणि तिथे तो शोभतोच: गाय जन्मभर गायच राहते, तिची म्हैस होत नाही.

पुढच्या दहा दिवसांचा दुधाचा पगार काकांच्या नव्या खात्यात जमा झाला. दिवाळीनंतर त्यांनी टेम्पो विकला. तेव्हा तिला एकच तारीख भरावी लागली.