पालीचा जबडा, आपला कान

शांत बसा. दोन्ही कानांच्या अगदी पुढ्यात बोटं टेकवा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटांखाली काहीतरी सरकतं. तो जबड्याचा सांधा. घाई नको; आणखी दोन-तीनदा करा.

आता ट्यूबलाइटजवळची पाल डोळ्यांसमोर आणा. तिची कवटी म्हणजे अखंड पेटी नव्हे. आपल्या गालावरून बोट फिरवलं, तर डोळ्याखालून कानाकडे जाणारी हाडाची कमान लागते. पालीला ती नाही. त्या मोकळ्या जागेत, कवटीच्या मागच्या कोपऱ्यातून, क्वाड्रेट नावाचं इवलंसं हाड झोपाळ्याच्या कडीसारखं लोंबतं. त्याचं वरचं टोक कवटीला, खालचं टोक खालच्या जबड्याला. पाल आ वासते तेव्हा ते पुढे झुलतं, टाळूची हाडं पुढे सरकतात आणि कपाळ-माथ्यामधल्या सांध्यात वाकून नाकाड वर उचललं जातं. तिचे दोन्ही जबडे हलतात. आपला वरचा हलत नाही, करून बघा.

इथे थोडं थांबा. तिच्या कानाचा पडदाही याच क्वाड्रेटच्या बाहेरच्या कडेवर ताणलेला असतो. खाणं आणि ऐकणं, दोन्ही एकाच हाडाशी.

हे हाड आपल्याला आहे का? आहे. १८३७ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल राइखर्ट यांनी सस्तन प्राण्यांचे गर्भ तपासून ते दाखवून दिलं. आपण पालीचे वंशज नव्हे, पण तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एक होते. त्यांचं हे हाड पालीच्या वंशात जबड्यात राहिलं. आपल्या वंशात आक्रसत आक्रसत मधल्या कानात गेलं आणि ऐरण झालं. त्याला खालून जोडलेलं जबड्याचं हाड हातोडी झालं. जबड्याला नवा सांधा मिळाला. मघाशी बोटांखाली सरकला तो हाच. शरीररचनेत याहून सुंदर गोष्ट मला माहीत नाही.

डोळे मिटा. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, स्वतःचा श्वास, जे ऐकू येईल ते येऊ द्या. पडद्यापासून आतल्या कानापर्यंत प्रत्येक आवाज हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांवरून जातो आहे. भिंतीवर पाल चुकचुकली, तर तोही त्याच वाटेने येईल.

आज ती दिसली, तर झाडू उचलण्याआधी तिचं डोकं एकदा नीट बघा.