दुसऱ्यांचें भजन आपल्या लेंकरांच्या मुखीं

आफ्रिकेंतील जुनीं गीतें व भजनें निरनिराळ्या सुरांत बसवून बालगायकवृंदांकडून म्हणविण्याची चाल आतां पुष्कळ देशांत पडली आहे. मुलांना तीं आवडतात. परंतु ज्या प्रार्थनेचा अर्थ मुलाला ठाऊक नाहीं, ती केवळ गोड म्हणून त्याच्या मुखीं घालणें योग्य काय?

दक्षिण आफ्रिकेंतील खोसा लोकांत न्त्सिकाना नांवाचा एक भक्त होऊन गेला. तो १८२१ सालीं वारला. त्याला अक्षरओळख नव्हती, त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता. तरी सुवार्ता ऐकून त्यानें आपल्या लोकांच्या वळणावर देवाचें स्तोत्र रचलें. त्यांत देव ढाल आहे, आश्रयाचें रान आहे, आणि कृत्तिका निर्माण करणारा आहे. त्या देशीं कृत्तिका पहांटे दिसूं लागल्या म्हणजे जमीन खणण्याचे दिवस आले असें समजत. तेव्हां हा उल्लेख नुसता अलंकार नव्हे. तो शेतकऱ्याच्या जिवाचा आहे. शिष्यांनीं तें स्तोत्र मुखोद्गत राखिलें. पुढें जॉन नॉक्स बोक्वे या खोसा ख्रिस्ती बंधूनें (जन्म १८५५) तें टॉनिक सोल्फा या, आपल्या सारेगमसारख्या, अक्षरांच्या पद्धतीनें लिहून चार सुरांत बसविलें.

तेव्हां सुरांत बसविणें हेंच पाप, असें कोणी म्हणूं नये. बोक्वे यांना शब्दांचा अर्थ ठाऊक होता, एवढाच भेद. पण तो लहान नाहीं. खोसा भाषेंत स्वर चढा कीं उतरता यावरही शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. शिवाय एकानें उचलावें व सर्वांनीं उत्तर द्यावें, अशी तेथील जुन्या गायनाची रीत. मेळ सुबक व्हावा म्हणून ती मोडली कीं मंडळीच्या प्रार्थनेचें नाटकांतलें पद होतें.

कोणी म्हणेल, अर्थ न कळतांही लेंकरांची स्तुति देवाला प्रिय आहे. खरें आहे, पण प्रश्न लेंकरांचा नसून शिकविणाराचा आहे. पौलही करिंथकरांस आत्म्याबरोबर बुद्धीनेंही गावयास सांगतो. आपल्या टिळकांचीं भजनें कोणीं परमुलुखांत अर्थावांचून, उड्या मारीत म्हटलीं, तर आपणांस काय वाटेल?

ज्या उपदेशकाला असें गीत नाताळासाठीं घ्यावयाचें असेल, त्यानें पहिला दिवस चालींत घालवूं नये. न्त्सिकानाची हकीकत सांगावी. रात्रीं मुलांना अंगणांत नेऊन कृत्तिकांचा झुबका दाखवावा. त्या दिवसांत तो चांगला दिसतो. मग चांगल्या गळ्याचें एक मूल उचलण्यास नेमावें, बाकीच्यांनीं उत्तर द्यावें. पेटी हवीच असेल तर हळू वाजवावी.